अठरा भाकऱ्यांचं घर

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा आणि दुसरा चपलांचा. मी तिथे गेले होते घराघरांत शिरून, कोण किती खातं ते काट्यावर मोजायला. हे सांगितलं की माणसं माझ्याकडे जरा संशयानेच बघतात. तरणंताठं माणूस किती खातं, म्हातारं किती, बाई किती, पुरुष किती, पैसेवाला किती, हातावर पोट असलेला किती, याची पाहणी करायचं खातं सरकारात आहे आणि तिथे पगार मिळतो, हे माझ्या आईलासुद्धा अजून पुरतं पटलेलं नाही. "लोकांच्या ताटात काय डोकावायचंय?" असं ती म्हणते.

दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. थंडीचे दिवस होते. मुंबईहून निघताना आमच्या साहेबांनी बजावलं होतं, "आपण मोजायला जातो, वाढायला नाही. कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, तुम्ही तर नाहीच." माझी जीभ जरा जास्त चालते याचा त्यांना अनुभव होता. माझ्या पिशवीत एक पितळी काटा, वजनांचा लाकडी डबा, छापील तक्ते आणि पोट बिघडलं तर असावी म्हणून ओव्याची पुरचुंडी होती. मी रत्नागिरीची. पेज, कुळथाची पिठी आणि भात यांवर वाढलेली. ओवा पहिल्याच दिवशी संपला.

त्याचं कारण दूध. कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी चौकात आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. मी हौसेने दोन पेले घेतले. शेजारी एक पैलवान उभा होता, त्याने मी बघेपर्यंत पाच संपवले आणि मिशी पुसत मला म्हणाला, "पावणं, दोनावरच थांबला व्हय?" मी थांबले ते बरंच झालं. रात्रभर जे भोगलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जयसिंगपूर

पहिलं घर जयसिंगपूरच्या एका अडत व्यापाऱ्याचं. लिंगायत कुटुंब, घरात कानडी, दुकानात मराठी. आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा. सकाळी पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडात पाणी घालत नाही. ज्वारीची भाकरी इतकी पातळ की आमच्या घावनालाही लाज वाटावी. सोबत भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि वर लोणकढं तूप. जेवणात मांस-मासळीचं नाव नाही.

मी काटा मांडला तसे अप्पा दुकानातून स्वतःची वजनं घेऊन आले आणि आधी माझाच काटा तपासायला बसले. "बाई, तुमचा काटा हलका हाय," त्यांनी निकाल दिला. मी रागावले, वाद घातला आणि मग हरले, कारण काटा खरंच हलका होता. प्रवासात पारड्याची एक साखळी वाकली होती. त्यांनी ती चिमट्याने सरळ करून दिली. आयुष्यभर वजनात गेलेल्या माणसापुढे मी सरकारी ऐट दाखवली याचं मला हसू आलं.

त्या घरात कशाची ददात नव्हती. तरी तक्ता भरताना एक दिसलं. अप्पांच्या आणि मुलांच्या भाकरीवर तूप पडत होतं चमच्याने, आणि सुनांच्या भाकरीवर चमच्याला चिकटून राहिलेलं. मी विचारलं तर अव्वा म्हणाल्या, "बायकांना कशाला एवढं? त्या काय पोती उचलतात?" मी ते तक्त्यात लिहिलं आणि पुढे निघाले. साहेबांचं वाक्य अजून ताजं होतं.

कसबा बावडा

बावड्याला कारखान्याचा गळीत हंगाम चालू होता. उसाच्या गाड्यांची रांग, धुराडं आणि सगळ्या हवेत मळीचा आंबूस गोड वास. पहिल्या तासाला तो वास नकोसा होतो, दुसऱ्या दिवशी कळतही नाही. इथे मला तीन दिवस एकाच घरात काढायचे होते.

घर पाच माणसांचं. घरधनी आण्णा, त्यांची दोन एकर जमीन. त्यांची बायको हौसाबाई. थोरला मुलगा शिवाजी कारखान्यात कामाला, धाकटा पांडू तालमीत. आणि शिवाजीची बायको शालन, सहावा महिना लागलेली, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती, म्हणून सगळं सासरीच व्हायचं होतं. पोर हाडकुळी, डोळ्यांच्या कडा पांढऱ्याफटक. मी डॉक्टर नाही, पण पाहण्या करून करून रक्त नसलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं.

इथल्या बायका "मी करतो, मी जातो" असंच बोलतात. हौसाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. "मी भाकरी थापतो, तुमी तुमचं माप घ्या," असं त्या म्हणाल्या तेव्हा मी क्षणभर मागे कोण पुरुष बोलतोय का ते बघितलं.

त्यांची भाकरी करायची रीत मला नवी होती. पिठाच्या डब्यात एक डालड्याचा जुना डबा ठेवलेला. दर वेळेला तो शिगोशीग भरून एकदाच काथवटीत ओतायचा. त्याच्या बरोबर अठरा भाकऱ्या होतात, सतराही नाहीत की एकोणीसही नाहीत. एकदा काथवट धुऊन उभी केली की त्या वेळेला पुन्हा पीठ भिजवायचं नाही. "दोनदा पीठ काढलं तर घराला बरकत ऱ्हात न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. हे माप त्यांच्या सासूने घालून दिलेलं. मी पीठ तोललं, भाकऱ्या तोलल्या, सगळं लिहिलं. मला ही शिस्त फार आवडली, कारण आकडेमोड सोपी होणार होती. मी तरी कशी, बघा.

पुरुष जेवायला बसले. आण्णांच्या चार, शिवाजीच्या पाच, पांडूच्या सहा. सोबत वांग्याचं कालवण आणि लवंगी मिरचीचा खर्डा. पांडूचा खुराक वेगळा: दूध, तूप, भिजवलेले बदाम. प्रत्येक ताट मी वाढल्यावर तोललं आणि उठल्यावर उष्टं तोललं. उष्टं काहीच नव्हतं.

मग हौसाबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी म्हटलं, आम्हाला परवानगी नाही, मापात फरक पडतो. "परवानगी कसली इचारताय? जेवल्याबिगर पावणं गेलं तर गावात तोंड दाखवायचं कसं?" कोल्हापूरकराला जेवणाला नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घराण्याला नाही म्हणणं. खर्ड्याने डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, पण हात थांबेना. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"आमी मागनं खातो, तुमी जरा आडव्या व्हा," असं म्हणून त्यांनी मला बाहेरच्या खोलीत चटई टाकून दिली. मी खरंच झोपले. उठून विचारलं तेव्हा शालन म्हणाली, "दोन दोन खाल्ल्या की ताई." मी दोघींच्या नावापुढे दोन दोन लिहिल्या.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर मी तक्ता घेऊन बसले आणि बेरीज जमेना. अठरातून पुरुषांच्या पंधरा गेल्या. दोन माझ्या. उरली एक. एका भाकरीतून दोन बायकांनी दोन दोन भाकऱ्या कशा खाल्ल्या? मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना उलगडलं. पोटुश्या पोरीच्या वाटची भाकरी मी खाल्ली होती, आणि वर ढेकर देऊन झोपले होते.

दुसऱ्या दिवशी मी पोह्यांचा डबा घेऊन गेले. पुरुष उठल्यावर हौसाबाईंनी ताट वाढलं तसा मी डबा उघडला. त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्या घरचं चालत न्हाय व्हय?"

"तसं नाही हो."

"मग कसं? काल तर ग्वाड लागलं."

मला गोल गोल बोलता येत नाही. "हौसाबाई, काल मी जेवले ते तुमच्या सुनेचं आणि तुमचं. तुमच्याकडे भाकऱ्या मोजून होतात. मी दोन खाल्ल्या, मग तुम्हा दोघींना अर्धी अर्धी उरली."

शालन कोपऱ्यात मान खाली घालून बसली. हौसाबाईंनी तीन भाकऱ्या घेतल्या, दीड सुनेच्या ताटात टाकली, दीड स्वतःच्या. "रोज असंच असतंय. कालचं सोडा. आता तोला," म्हणाल्या. मी तोललं.

"सहाव्या महिन्यात दीड भाकरी पुरते का हो हिला?"

"मी मुद्दाम कमी घालतो." त्या हे इतक्या सरळ म्हणाल्या की मला राग यायच्या आधी आश्चर्य वाटलं. "पोटुशीनं लई खाल्लं की प्वार मोठ्ठं हुतंय. माझी थोरली लेक असंच खायाची. आमी लाड केलं. तीन दिस अडली. ती बी गेली, प्वार बी गेलं." त्यांनी पदराने हात पुसले. "हिला आई न्हाय. हिला काय झालं तर लोक म्हणतील सासूनं मारली. म्हणून राखून घालतो."

रात्रीपासून मनात मी या बाईला खाष्ट सासू ठरवून टाकलं होतं. साहेबांनी शहाणपण शिकवू नका म्हणून सांगितलं होतं, पण साहेब मुंबईत होते. मी सांगितलं की अंगात रक्त नसलं तर कळा सोसायला ताकद राहत नाही, आई अशक्त असली तर लहानसं पोरही अडतं, आणि दवाखान्यातली नर्सबाई हेच सांगेल, विचारून बघा. त्या ऐकत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. आमच्या घरीही आई शेवटीच जेवायची. तिच्या ताटात किती असायचं ते मी जन्मात कधी बघितलं नव्हतं, हे मला तिथे बसून आठवलं आणि बरं वाटलं नाही.

तिसरा दिवस रविवार. घरात मटण होतं. तांबड्याला तवंग असा की वाटीत तोंड दिसावं, आणि पांढरा खोबऱ्याच्या दुधाचा, नुसता प्यायचा. एरवीची पद्धत मला शालननेच हळूच सांगितली: फोडी पुरुषांना, रस्सा बायकांना. त्या दिवशी मात्र शेजारच्या दोघी-तिघी काट्याची गंमत बघायला दारात येऊन बसल्या होत्या. "व्हय गं हौसा, तुज्या घरात कुनाला किती वाढतीस ते सरकारात जानार म्हनं?" एकीने विचारलं.

हौसाबाईंनी मान ताठ केली. पुरुष उठल्यावर त्यांनी शालनच्या ताटात चार फोडी वाढल्या, वर अडीच भाकऱ्या ठेवल्या आणि ताट स्वतः काट्यावर आणून ठेवलं. "तोला. आणि नीट ल्हिवा."

शालन जेवायला बसली. आधी लाजत, मग न लाजता. तिने नळी फोडून चोखली तेव्हा दारातल्या बायका हसल्या आणि तीही हसली. मला फार बरं वाटलं, खोटं का सांगू. हौसाबाईंचं ताट विचारलं तर म्हणाल्या, "आज मला भूक न्हाय, अर्धी खातो." मी "भूक नाही" असं लिहून पुढचा रकाना घेतला.

निघायच्या वेळी शालन माझ्या हातावर पाणी घालायला मागच्या दारी आली. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, आनी दोन दिस ऱ्हावा की. तुमचा काटा हाय तवर बरं हाय."

मला राहता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शिरोलीच्या घरी पोचायचं ठरलेलं होतं. हात पुसता पुसता माझ्या डोक्यात आलं आणि मी नोकरीत पहिल्यांदा, तेही सरकारच्या नावाने, चक्क खोटं बोलले. पिशवीतून कोरी वही काढून हौसाबाईंपुढे धरली. "ही पोटुशीची वही. बाळंत होईपर्यंत ही रोज दुपारी किती भाकऱ्या खाते ते सरकारला पाहिजे. दर वेळेला अडीच तरी झाल्या पाहिजेत. भरली की पोस्टाने पाठवायची."

"कुनी ल्हियाचं? मला येत न्हाय."

"मी सातवी हाय," शालन म्हणाली.

हौसाबाईंनी वही उलटीसुलटी करून बघितली. थोरल्या लेकीच्या आठवणीने असेल, चेहऱ्यावर भीती होती. "काय वंगाळ हुनार न्हाय न्हवं?"

"उलट चांगलं होईल."

"सरकारी काम हाय म्हंजे केलंच पायजे," त्या म्हणाल्या. वही त्यांनी देवळीत कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. माझ्या पिशवीत गुळाची ढेप कोंबली ती नको म्हणताना मीच दमले.

शिरोली

शिरोलीला औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीतल्या कामगाराची खोली होती. नवरा भट्टीवर, बायको शेजारच्या कारखान्यात वाळू चाळायला. दोघंही बाहेरून आलेली. इथे आण्णांसारखी जमीन नव्हती की अप्पांसारखं तूप नव्हतं. डब्यात रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. त्याची भाकरी तोंडात फिरते, आणि ती मी खाऊन बघितली आहे.

भोंगा झाला, दोघं आली, हातपाय धुतले आणि एकाच परातीत समोरासमोर बसली. मी गोंधळले. छापील तक्त्यात माणशी ताट धरलेलं होतं. "वेगवेगळं घ्या ना, मला तोलायचंय," म्हटलं तर बाई म्हणाली, "दोघांस्नी बी परत कामावर जायाचं हाय. आधी कोन आनि मागनं कोन, एवढा येळ कुनाला हाय?" शेवटी मी प्रत्येकाचा घास मोजला. तिचे घास दोन जास्त भरले. सगळ्या पाहणीत बाईचा आकडा पुरुषापेक्षा मोठा असलेलं हे एकच घर निघालं, आणि ते सगळ्यात गरीब होतं. हे मी अहवालात लिहिलं. साहेबांनी त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

परत मुंबईत

चार-साडेचार महिन्यांनी वही आली. कापडात शिवलेली, वर शालनच्या गोल अक्षरात पत्ता. शेवटचं पान मी आधी उघडलं.

"ती. ताईंना सा. न. वि. वि. गुरुवारी मला मुलगी झाली. दवाखान्यात झाली. अडले नाही. दोघी सुखरूप आहोत. नर्सबाई म्हणाल्या पोरगी चांगली भरली आहे. आत्याबाई रोज तिला तेल लावतात आणि तिच्यात त्यांना मोठ्या वन्सं दिसतात. वही भरली."

इकडे आत्याबाई म्हणजे सासू. मी वही घेऊन ऑफिसभर मिरवले. चहा पाजला. साहेबांपर्यंत गेले नाही, कारण खोट्याचा जाब द्यावा लागला असता, पण माझ्या टेबलावर मी त्या दिवशी कुणाला वर मान करून बोलू दिलं नाही. इतकं तोलून तोलून जे कुणाला जमलं नव्हतं ते मी एका वहीने करून दाखवलं होतं.

घरी आल्यावर निवांत बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मी एकच रकाना आखून दिला होता, "शालन". तिने शेजारी पट्टी लावून दुसरा आखला होता.

मी अडीच. आत्याबाई अर्धी.
मी अडीच. आत्याबाई अर्धी.
मी अडीच. आत्याबाई अर्धी.

पान उलटलं, पुढचं उलटलं. सणाचा दिवस असो, अमावास्या असो, तेच. मधे एका ठिकाणी "आत्याबाई काही नाही, पांडूभाऊजींचा मित्र जेवायला होता." शेवटी शेवटी एका समासात बारीक अक्षरात लिहिलेलं: "हा रकाना तुम्ही सांगितला नव्हता. मी माझ्या मनाने घातला. मी म्हटलं माझी एक घ्या तर म्हणतात, सरकारला तुझं पाहिजे, माझं कोण मागतंय. आठ दिवस झाले त्यांना चक्कर येते. लिहू नको म्हणाल्या आहेत."

मी वही मिटली. अडीच आणि अर्धी, तीन. मी गेले तेव्हाही दोघींच्या वाट्याला तीनच होत्या. अठरा भाकऱ्या थापल्या जात होत्या, पंधरा आधी उठत होत्या, आणि मी मोठी शहाणी, एका बाईच्या ताटातली भाकरी काढून दुसरीच्या ताटात ठेवून आले होते. मला रडू आलं आणि स्वतःचा संताप आला. आण्णा, शिवाजी, पांडू यांचे रकाने आखायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी वही घेतली. पाच रकाने आखले आणि पहिला हौसाबाईंचा ठेवला. पत्ता मात्र आण्णांच्या नावाने घातला आणि आत चार ओळी लिहिल्या: "आण्णांना नमस्कार. ही वही तुम्ही स्वतः भरायची. पुरुष जेवायला बसायच्या आधी हौसाबाईंच्या आणि शालनच्या भाकऱ्या तुम्ही मोजून बाजूला काढायच्या, लिहायच्या, आणि मग आपलं ताट ओढायचं. सरकारला तुमच्या हातचं अक्षर पाहिजे."